चौतिसावे राज्य

१५ सप्टेंबर १७८७, शनिवार. फिलाडेल्फियातली परिषद जवळजवळ चार महिने चालली होती आणि सदस्यांना आता घरची ओढ लागली होती. घटनेचा मसुदा हातावेगळा झाला होता, सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. अशा ऐन वेळी व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी दुरुस्तीच्या कलमावर बोट ठेवले. मसुद्याप्रमाणे घटनादुरुस्ती सुचवण्याची सत्ता शेवटी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्याच हाती राहत होती. मेसन यांचा मुद्दा असा : उद्या हे केंद्र सरकारच जुलमी झाले, तर त्याला वेसण घालणारी दुरुस्ती काँग्रेस स्वतःहून कशाला सुचवील? गूव्हर्नर मॉरिस आणि एल्ब्रिज गेरी यांनी लगेच सूचना मांडली की दोन-तृतीयांश राज्यांनी मागणी केली तर काँग्रेसने परिषद बोलावलीच पाहिजे. जेम्स मॅडिसन यांनी विरोध केला नाही. फक्त एवढे म्हटले की अशा परिषदेचे स्वरूप काय, गणपूर्ती किती, याबाबत अडचणी येतील. सूचना बिनविरोध मंजूर झाली. मॅडिसन यांच्या शंकेला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही, आणि ते आजही मिळालेले नाही.

गंमत अशी की हे कलम घालून घेणाऱ्या मेसन आणि गेरी यांनी सोमवारी घटनेवर सही करायला नकार दिला.

कलम ५ हे अमेरिकी घटनेतले अगदी आटोपशीर कलम आहे. दुरुस्ती सुचवायचे दोन मार्ग त्यात आहेत. पहिला, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांनी, दोन-तृतीयांश मतांनी प्रस्ताव करायचा. दुसरा, दोन-तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज करायचे आणि काँग्रेसने परिषद बोलवायची. आज ५० राज्ये आहेत, म्हणजे ३४ अर्ज लागतात. प्रस्ताव कुठूनही आला तरी तीन-चतुर्थांश राज्यांनी, म्हणजे ३८ राज्यांनी, संमती दिल्याशिवाय तो घटनेत जात नाही. ही संमती विधिमंडळांकडून घ्यायची की त्यासाठी राज्याराज्यांत वेगळ्या परिषदा भरवायच्या, हे काँग्रेस ठरवते. १९३३ मध्ये दारूबंदी उठवणारी २१ वी दुरुस्ती तेवढी अशा राज्य-परिषदांमधून संमत झाली. बाकी सगळ्या दुरुस्त्या विधिमंडळांनी संमत केल्या. आजवर २७ दुरुस्त्या झाल्या आणि सत्ताविसाच्या सत्तावीस पहिल्या मार्गाने आल्या. दुसऱ्या मार्गावरून सव्वादोनशेहून अधिक वर्षांत एकदाही कोणी शेवटपर्यंत गेलेले नाही.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्याला ही तरतूद चटकन उमजेल. कमिटी विषय टाळत राहिली की एक-पंचमांश सभासद सह्या करून विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करू शकतात. फरक एवढाच की सोसायटीत सूचना किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती किती, मतदान कसे, हे उपविधींत लिहिलेले असते. कमिटीने टाळाटाळ केली तर वर निबंधक आहे. अमेरिकेच्या घटनेत परिषद बोलवा एवढेच आहे, आणि निबंधक नाही.

मग न वापरलेल्या या वाटेला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो इतिहासात लवकरच दिसला. घटना लागू झाली तेव्हा तिच्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नव्हती. पॅट्रिक हेन्री यांचा दबदबा असलेल्या व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने नोव्हेंबर १७८८ मध्ये दुसऱ्या परिषदेसाठी अर्ज केला, फेब्रुवारी १७८९ मध्ये न्यूयॉर्कनेही केला. मॅडिसन यांना दुसऱ्या परिषदेची धास्ती होती. मोठ्या कष्टाने बसवलेली घडी तिथे विस्कटेल, असे त्यांना वाटत होते. मे १७८९ मध्ये व्हर्जिनियाचा अर्ज प्रतिनिधिगृहात मांडला गेला, त्याच्या आदल्याच दिवशी मॅडिसन यांनी आपण स्वतः दुरुस्त्या आणणार असल्याची सूचना देऊन ठेवली होती. ८ जूनला त्यांनी त्या मांडल्या. त्यांतल्या दहा १७९१ च्या डिसेंबरात संमत झाल्या आणि हक्कांची सनद म्हणून प्रसिद्धीस आल्या. दुसऱ्या परिषदेच्या मागणीतली हवा गेली. अर्ज दप्तरी दाखल झाले आणि तिथेच राहिले.

हाच डाव पुढे पुन्हा दिसतो. सिनेटचे सदस्य पूर्वी राज्यांची विधिमंडळे निवडत असत. ते थेट जनतेने निवडावेत अशी दुरुस्ती प्रतिनिधिगृहाने वारंवार मंजूर केली, पण सिनेट तिला हात लावायला तयार नव्हती. आपल्याच निवडणुकीचा रस्ता बदलायला कोण तयार होणार? १८९३ पासून राज्यांचे अर्ज येऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन-तृतीयांशाचा आकडा दृष्टिपथात आला. परिषद भरली तर ती काय लिहील कोण जाणे, त्यापेक्षा आपणच मसुदा केलेला बरा, असा विचार सिनेटने केला. १९१३ मध्ये १७ वी दुरुस्ती घटनेत आली. एवढेच एक कारण होते असे नाही. तोवर बऱ्याच राज्यांनी प्राथमिक निवडणुकांतून सिनेटरांवर लोकमताचा दाब आणलाच होता. पण अर्जांचा धाक नसता तर सिनेट आणखी किती वर्षे बसून राहिली असती, हे सांगता येत नाही.

म्हणजे ही तरतूद धाक म्हणून चालली. धाकाला अंधार मानवतो. परिषद कशी असेल हे कोणालाच माहीत नसल्यामुळे ती भरू नये म्हणून काँग्रेस हलते. पण आकडा खरोखर ३४ च्या जवळ आला की तोच अंधार अर्ज करणाऱ्यांनाही घाबरवतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दोनदा घडले.

पहिल्यांदा १९६० च्या दशकात. १९६४ च्या रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात आखले पाहिजेत, असा निकाल दिला. ग्रामीण भागाचे वर्षानुवर्षांचे वर्चस्व त्यामुळे मोडणार होते. इलिनॉयचे सिनेटर एव्हरेट डर्क्सन यांनी हा निकाल फिरवण्यासाठी राज्यांकडून अर्ज गोळा करायला सुरुवात केली. १९६७ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली तेव्हा वॉशिंग्टनला कळले की ३२ अर्ज जमले आहेत. १९६९ पर्यंत ते ३३ झाले असे काहींचे गणित, तर त्यातले काही अर्ज धरण्याजोगे नाहीत असे इतरांचे. त्याच वर्षी डर्क्सन वारले. एव्हाना नव्या निकालाप्रमाणे निवडून आलेली विधिमंडळे कामाला लागली होती, त्यांना निकाल फिरवण्यात रस नव्हता. चळवळ विरून गेली.

दुसऱ्यांदा विषय होता केंद्राचा अर्थसंकल्प. खर्च उत्पन्नाच्या आत ठेवण्याची सक्ती घटनेतच करावी, अशी मागणी करणारे अर्ज १९७० च्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाचे तरुण डेमोक्रॅट गव्हर्नर जेरी ब्राउन यांनीही तिला पाठिंबा दिला. १९८३ मध्ये मिझुरी हे ३२ वे राज्य ठरले. फक्त दोन उरली. त्यानंतर मात्र एकही आले नाही. उलट १९८८ मध्ये अलाबामा आणि फ्लोरिडा यांनी आपले अर्ज मागे घेतले, मग इतरांनीही. मधल्या काळात काँग्रेसने १९८५ मध्ये तुटीला मर्यादा घालणारा कायदा केला. तो पुढे किती पाळला गेला हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेचे सरकारी कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या वर गेले होते.

या वादात सर्वांत जास्त शाई ‘उधळलेली परिषद’ या भीतीवर खर्च झाली आहे. एका विषयासाठी बोलावलेली परिषद सगळी घटनाच नव्याने लिहायला बसली तर? भीती बाळगणारे थेट १७८७ चा दाखला देतात. ती परिषद जुन्या संघराज्य-कराराची फक्त डागडुजी करण्यासाठी काँग्रेसने बोलावली होती. तिने तो करारच बाजूला सारला. जुन्या करारात बदलाला सर्व तेरा राज्यांची संमती लागत असे, या मंडळींनी नऊ पुरेत असे स्वतःच लिहून टाकले. ऱ्होड आयलंडने तर प्रतिनिधीही पाठवले नव्हते. तरीही ते राज्य शेवटी, १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी आत आले. १९८० च्या दशकात निवृत्त सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी पत्र लिहून बजावले होते की परिषदेला एका विषयात बांधून ठेवण्याचा कोणताही खात्रीचा उपाय नाही. अँटोनिन स्कालिया १९७९ मध्ये प्राध्यापक असताना या मार्गाच्या बाजूने बोलले होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असताना त्यांनीही अशा परिषदेतून काय बाहेर पडेल याची धास्ती व्यक्त केली.

मला ही भीती जरा फुगवलेली वाटते. परिषद काहीही लिहो, ती फक्त प्रस्ताव करते. संमतीसाठी ३८ राज्ये लागतात, म्हणजे १३ राज्ये गप्प बसली तरी प्रस्ताव मेला. नेब्रास्का सोडल्यास प्रत्येक विधिमंडळाला दोन सभागृहे आहेत, त्यामुळे १३ राज्यांतले एकेक सभागृह पुरते. २०२० च्या जनगणनेप्रमाणे सर्वांत लहान १३ राज्यांत मिळून देशाची साडेचार टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या आहे. इतक्या थोड्यांच्या हाती नकार असताना आविष्कार-स्वातंत्र्य रद्द करणारी दुरुस्ती पार होईल, हे पटत नाही. दुभंगलेल्या आजच्या अमेरिकेत ३८ राज्ये एखाद्या गोष्टीवर एकत्र येणे हीच मुळात बातमी ठरेल.

खरी ठेच त्याच्या कितीतरी आधी, ३४ मोजताना लागते.

कोणते अर्ज एकत्र मोजायचे? दोन राज्यांनी अर्थसंकल्पासाठीच अर्ज केले, पण एकाने युद्धकाळाचा अपवाद ठेवला आणि दुसऱ्याने नाही, तर ते दोन धरायचे की वेगवेगळे? अर्ज जुना होतो का? कलमात मुदत नाही. इथे एक शेजारची हकीगत सांगण्यासारखी आहे. १७८९ मध्ये मॅडिसन यांनी मांडलेल्या दुरुस्त्यांपैकी खासदारांच्या पगाराविषयीची एक तशीच लोंबकळत राहिली होती. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने निबंधात दाखवले की तिला मुदत नाही, म्हणून ती अजून जिवंत आहे. निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली. पठ्ठ्याने पत्रांवर पत्रे लिहून राज्याराज्यांतून संमती मिळवल्या आणि १९९२ मध्ये ती २७ वी दुरुस्ती झाली. २०१७ मध्ये विद्यापीठाने त्याची श्रेणी बदलून ‘ए’ केली. दुरुस्ती दोन शतके जिवंत राहू शकते, तर अर्ज का नाही, असा प्रश्न मग विचारला जातोच.

तो विचारणारे खरेच निघाले. काही जणांनी कोणताही विषय न नेमता केलेले जुने अर्ज, अगदी न्यूयॉर्कच्या १७८९ च्या अर्जासकट, अर्थसंकल्पाच्या अर्जांत मिळवले. त्या बेरजेच्या आधारे टेक्सासचे रिपब्लिकन प्रतिनिधी जोडी अॅरिंग्टन यांनी २०२२ मध्ये ठराव आणला. त्याचा आशय असा की दोन-तृतीयांशाची अट १९७९ मध्येच पूर्ण झाली होती आणि काँग्रेसने परिषद बोलवायची राहून गेली आहे. गुलामांचा व्यापार चालू होता त्या काळचा कागद आजच्या करांच्या वादात मोजायचा, हे ऐकून हसू येते. पण तो मोजू नये असे लिहिलेले कुठेच नाही.

अर्ज मागे घेता येतो का, हेही अनिर्णित आहे. १८६८ मध्ये १४ व्या दुरुस्तीला दिलेली संमती ओहायो आणि न्यूजर्सी यांनी मागे घेतली होती, तरी काँग्रेसने ती राज्ये मोजलीच. संमतीचा तो न्याय अर्जालाही लागू करायचा का? परिषदेत प्रतिनिधी कोण पाठवणार, मतदार की विधिमंडळे? मतदान एका राज्याला एक मत असे, की लोकसंख्येप्रमाणे? पहिल्या पद्धतीत पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगचे आणि जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचे वजन सारखेच. १७८७ मध्ये एका राज्याला एक मत होते, म्हणून आताही तसेच, असे चळवळीतले लोक धरून चालतात. मोठी राज्ये हे निमूट मान्य करतील असे दिसत नाही.

आणि हे सगळे ठरवणार कोण? काँग्रेस. तिला बगल देण्यासाठी काढलेल्या वाटेच्या तोंडाशी तीच बसलेली आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी घटनेच्या बाजूने लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेच्या शेवटच्या, ८५ व्या लेखात ग्वाही दिली होती की पुरेशा राज्यांनी मागितल्यावर काँग्रेसला नाही म्हणण्याची मुभा नाही. पण पुरेशी म्हणजे कोणती, हे तीच मोजते. न्यायालयाकडे जावे, तर १९३९ च्या कोलमन विरुद्ध मिलर खटल्यात दुरुस्तीच्या संमतीसंबंधीचे प्रश्न राजकीय आहेत, ते काँग्रेसने सोडवावेत, असा सूर न्यायालयाने लावला आहे. उत्तर कॅरोलायनाचे सिनेटर सॅम अर्विन, पुढे वॉटरगेटच्या चौकशीने गाजलेले, यांनी डर्क्सन-प्रकरण पाहून परिषदेचे नियम ठरवणारे विधेयक तयार केले. १९७१ मध्ये सिनेटने ते ८४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले. प्रतिनिधिगृहाने ते घेतलेच नाही. असा कायदा आजही नाही. २०१५ पासून प्रतिनिधिगृहाचा सचिव आलेले अर्ज संकेतस्थळावर मांडतो, पण त्यांची बेरीज करणे त्याच्या अधिकारात येत नाही.

सध्याच्या लढाईत सर्वांत संघटित गट आहे २०१३ मध्ये मार्क मेकलर आणि मायकेल फॅरिस यांनी सुरू केलेला ‘कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स’. केंद्राच्या खर्चाला लगाम, केंद्राच्या अधिकारांना मर्यादा आणि पदांच्या कालावधीला मर्यादा असे तीन विषय त्यांच्या ठरावात आहेत. २०१४ मध्ये जॉर्जियापासून सुरुवात होऊन २०२२ मध्ये साउथ कॅरोलायना हे १९ वे राज्य झाले. डाव्या बाजूने ‘वुल्फ-पॅक’ नावाची संघटना निवडणुकीतल्या पैशाविरुद्ध हाच मार्ग धरून उतरली. कंपन्यांच्या निवडणूक-खर्चावरचे निर्बंध उठवणारा २०१० चा ‘सिटिझन्स युनायटेड’ निकाल फिरवावा म्हणून २०१४ मध्ये व्हर्माँटने पहिला अर्ज केला, मागोमाग कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यूजर्सी यांनी. मग उजव्या बाजूची आकडेवारी वाढताना दिसली आणि डेमोक्रॅट राज्यांचे धाबे दणाणले. २०१६ मध्ये डेलावेअर, २०१७ मध्ये मेरीलँड, न्यू मेक्सिको, नेवाडा, अशी जुने अर्ज एकगठ्ठा मागे घेण्याची रांगच लागली. न्यूजर्सीने २०२१ मध्ये आणि इलिनॉयने २०२२ मध्ये माघार घेतली, म्हणजे आपण नुकताच केलेला अर्जही पाण्यात सोडला. कॅलिफोर्नियाने मात्र २०२३ मध्ये बंदुकांवरच्या निर्बंधांसाठी नवा अर्ज केला.

विरोधकांच्या बाकावर तर कोण कोणाशेजारी बसले आहे पाहावे. कट्टर उजवी जॉन बर्च सोसायटी आणि उदारमतवादी ‘कॉमन कॉज’ या दोघीही परिषदेला विरोध करतात. एकीला बंदूक बाळगण्याचा हक्क जाईल असे वाटते, दुसरीला नागरी हक्क. समर्थकांतही तेच : हार्वर्डचे डावीकडे झुकलेले लॉरेन्स लेसिग परिषद व्हावी म्हणतात आणि टेक्सासचे रिपब्लिकन गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी २०१६ मध्ये नऊ दुरुस्त्यांची यादीच दिली होती.

हा सगळा खटाटोप आपल्या घटनाकारांना ठाऊक होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की परिषद किंवा सार्वमत यांसारख्या अवघड पद्धती आपण मुद्दाम टाळल्या आहेत. आपल्या कलम ३६८ प्रमाणे दुरुस्तीची सुरुवात संसदेतच होते. राष्ट्रपतींची निवडणूक, न्यायव्यवस्था, केंद्र-राज्य अधिकारवाटप अशा ठरावीक विषयांत निम्म्या राज्यांची संमती लागते, जशी २०१६ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दुरुस्तीला घेतली गेली. महाराष्ट्र विधिमंडळ अशा वेळी हो किंवा नाही म्हणू शकते, विषय मात्र काढू शकत नाही. परिणाम आकड्यात दिसतो : तिकडे २७, इकडे २०२३ पर्यंत १०६. आपल्याकडे अतिरेकाला आवर घालण्याचे काम १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून न्यायालय करते. अमेरिकेत त्या निकालातल्यासारखा मूलभूत चौकटीचा सिद्धांत नाही. तिथे आवर आहे तो ३८ या आकड्याचा.

राज्यपातळीवर मात्र अमेरिकेला परिषदांची चांगली सवय आहे. राज्यघटना लिहिण्या-सुधारण्यासाठी तिथे दोनशेहून अधिक परिषदा भरल्या आहेत. प्रतिनिधी कसे निवडायचे, शेवटी मतदारांपुढे कसे जायचे, सारे लिहिलेले आहे. न्यूयॉर्कच्या घटनेत तर दर वीस वर्षांनी मतदारांना विचारलेच पाहिजे की परिषद हवी का. तरी १९८६ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये भरली ती पूर्ण स्वरूपाची अखेरची परिषद. २०२४ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी नवी नाकारली. न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली कामगार संघटना आपल्या निवृत्तिवेतनाच्या हमीसाठी आणि बंदूकवाले आपल्या बंदुकांसाठी एकाच बाजूने प्रचाराला उतरले, आणि मतदारांनी प्रचंड बहुमताने ‘नको’ म्हटले. १९९७ मध्येही हेच उत्तर होते. पुढच्या वेळी त्यांना २०३७ मध्ये विचारले जाईल.